एक वाजताची नोंद

मंगळवारी सकाळी बा मैदानाच्या कडेला उकिडवा बसून रबराचे दाणे चाळत होता. साडेसात वाजले होते, ऊन अजून अंगावर घेण्यासारखं होतं. मी आदल्या दिवशी पुण्याहून आले होते, महिन्यातून एकदा यायचे तशी.

मैदान जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका खासगी निवासी क्रीडा विद्यालयाचं. कृत्रिम गवताचं. म्हणजे हिरव्या प्लास्टिकच्या पात्या, आणि त्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यांच्या बुडाशी पसरलेले जुन्या टायरचे बारीक काळे दाणे. खेळताना हे दाणे उडून कडेला येतात, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कुणाच्या तरी भाताच्या खाचरात. असं मैदान कमी पाण्यात, कमी प्लास्टिक सांडून, जास्त वर्षं कसं टिकवायचं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पुण्यातल्या एका संस्थेत मी ते काम करते. बा त्या मैदानाचा राखणदार, झाडणारा आणि दुरुस्ती करणारा. ही नोकरी त्याला माझ्याच शब्दावर मिळाली होती.

गटाराच्या तोंडाशी त्याने आईची जुनी चाळण बसवली होती. महिन्याला अकरा किलो दाणे तो तिथून गोळा करायचा, पालाकाडी वेगळी काढायचा आणि दाणे परत मैदानात पेरायचा. पेरायचा हा त्याचाच शब्द. माझ्या पहिल्या शोधनिबंधातला सगळ्यात चांगला आकडा त्या चाळणीचा होता. निबंधात मी त्याचा उल्लेख ‘स्थानिक मदतनीस’ असा केला.

मी शेडमध्ये बसून त्याची वही बघत होते. एप्रिलभर रोज तीन वेळा मैदानाचं तापमान घ्यायचं काम मी त्याला दिलं होतं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच. मैदानावर नऊ जागा खुणा करून ठरवल्या होत्या. प्रत्येक जागेवर उभं राहून हातातलं यंत्र खाली रोखायचं, आकडा दिसला की वहीत लिहायचा, बाजूला वेळ लिहायची. यंत्र पिस्तुलासारखं होतं. बा त्याला बंदूकच म्हणायचा.

“बा, परवा नि काल एक वाजता नऊच्या नऊ ठिकाणी एकोणसत्तर कसं?”

“तापला का सगळा सारखाच तापतो.”

“नाही तापत सारखं. मधे जास्त असतं, गोलपोस्टजवळ वेगळं असतं. तुझ्याच आधीच्या पानांवर बघ की.”

तो चाळण आपटत हसला. “खरा सांगू? शेडमधून मारली बंदूक. पण नऊ येळा मारली, एक गोळी कमी नाय.”

मी हसले नाही. लांबून धरली की ती एका जागेचं तापमान सांगत नाही, आजूबाजूचं सगळं मिळून सांगते, हे मी त्याला आधी दोनदा समजावलं होतं. तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज चढला. अख्खा महिना वाया जाईल, म्हणाले. तू असं केलंस तर माझ्या कामाला कोण विचारणार, म्हणाले.

“पाय भाजतात गे,” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. चाळणीत किती दाणे आले हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

“मग चपला घाल.”

“खळ्यात कोण चपला घालून जातो?”

हे मला माहीत होतं. आमच्याकडे नागली, भात झोडायच्या खळ्यात पायात काही घालून कोणी जात नाही. बा फाटकापाशी चपला काढायचा आणि मगच मैदानात पाय टाकायचा. पहिल्या दिवसापासून. त्याला ते खळंच वाटायचं. सपाट, झाडलेलं, ज्याच्यावर दाणे पसरलेत असं. मी पुण्यात सहकाऱ्यांना ही गोष्ट कौतुकाने सांगायचे.

“आणि तुझ्या नितीन सराची पाटी हायच,” बा म्हणाला. “बारा ते चार बंद, नि एरवी मैदानाचे बूट असतील तरच पाय ठेवा. मला कुठंत बूट?”

“मागितलेत मी तुझ्यासाठी. दोनदा लिहिलंय.”

“मागितलेस तर येतील की. मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर पण येतो ना, पावसाळा लागल्यावर.”

“बा.”

“बरं बरं.”

“गोणपाट भिजवून घे. दोन घे. एकावर उभा राहा, दुसरं पुढे टाक. पण जागेवर जा. नऊही ठिकाणी.”

“एकालाच का होवा तुला?”

“एकाला सगळ्यात जास्त तापतं. दुपारी मैदान खरोखर बंद ठेवलं, तर ते थंड करायला पाणी मारावं लागत नाही, हे मला सिद्ध करायचंय. इथे दुपारी पाहुणे आले की सहा हजार लिटर बोअरचं पाणी मारतात, तुला माहितीये.”

त्याने चाळण खाली ठेवली आणि थोडा विचार केला. “म्हणजे दुपारी मैदानात कोणी जाऊ नये, हे कळाया मी दुपारी मैदानात जायाचा.”

“तसंच.”

“शिकून मोठी झालीस गे तू,” तो म्हणाला आणि पुन्हा चाळायला लागला.

अकराची नाशिकची गाडी होती. डेपोपर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला, बंदूक खिशात घालून. गाडीत चढताना त्याने ती माझ्या कपाळावर रोखली. “छत्तीस,” म्हणाला. “ठीक हायस.” कंडक्टर ओरडला, तसा तो दोन पावलं मागे सरकला. मी खिडकीतून त्याला म्हणाले, “बा, आजपासूनच. विसरू नको.”

मंगळवारी तो विसरला नाही. बुधवारीही नाही.

बुधवारी दुपारी साडेतीनला सुकीमावशीचा फोन आला. ती विद्यालयाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजते. बाला दवाखान्यात नेलंय, एवढंच ती म्हणाली, आणि ज्या तऱ्हेने म्हणाली त्यावरून मला कळलं. दोनच्या सुमाराला ती भांडी घासायला मागे गेली, तेव्हा तिला तो मैदानावर पालथा दिसला. तिला वाटलं, काही शोधतोय.

मी गुरुवारी सकाळी घरी पोचले. आमचा पाडा मोखाड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून दीड मैल आत. बाला अंगणात ठेवलं होतं. त्याच्या डाव्या गालावर आणि दंडावर बारीक समांतर रेघा होत्या, पात्यांच्या. मला त्यांची जाडी माहीत होती. एक पूर्णांक चार मिलिमीटर. ती त्या क्षणी डोक्यात यावी, याची मला आजही शिसारी येते.

चिरफाड झाली नव्हती. चिरफाड म्हटली की दोन दिवस जातील, देह ठाण्याला न्यावा लागेल, असं नितीन सरांनी आईला सांगितलं होतं. आईने अंगठा दिला. तिच्या जागी मीही दिला असता.

नितीन सर विद्यालयाचे व्यवस्थापक. ठाण्याचे, चाळिशीच्या आतले, एकेकाळी राज्य पातळीवर फुटबॉल खेळलेले. बोलायला मऊ. बाला ते ‘मामा’ म्हणायचे. त्या दिवशी पाड्यावर आले, माझ्यासमोर हात जोडले, “मामा गेले, फार वाईट झालं मॅडम,” म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी विद्यालय चालवणाऱ्या ट्रस्टला अपघाताचा अहवाल पाठवला. आठ दिवसांनी तो माझ्या वाचनात आला. ‘सदर कर्मचारी कामाच्या वेळेव्यतिरिक्त, बहुधा मद्यधुंद अवस्थेत, मैदानावर झोपलेला आढळला.’

बा पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. होळीला प्यायचा, लग्नात प्यायचा, आणि प्याला की आईच्या माहेरच्यांची नक्कल करायचा. पण पिऊन तो कधी खळ्यात गेला नाही आणि मैदानातही गेला नाही. नितीन सरांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना माहीत असलेली गोष्ट साधी होती: उन्हात आडवा झालेला आदिवासी माणूस प्यालेला असतो. ती या भागात बाहेरून आलेल्या पुष्कळांना माहीत असते. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी सभ्यपणे घातला होता.

त्या आठ दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती. सातव्या दिवशी सुकीमावशी पाड्यावर आली. आई विहिरीवर गेली होती. सुकीमावशीने कमरेच्या ओच्यातून बंदूक आणि वही काढून माझ्या हातात दिली. “त्याच्या हाताखाली होती,” ती म्हणाली. “सर येयाच्या आधी मी उचलली. तुझी हाय ना?”

शेवटचं पान मी तिच्यासमोरच उघडलं. तारीख, आणि खाली बाचं ते शाळेतल्या पोरासारखं गोल अक्षर. जागा पहिली, एक वाजून चार मिनिटं, अडुसष्ट. जागा दुसरी, एक वाजून सात, सत्तर. तिसरी, चौथी, पाचवी. सहावी, एक एकवीस, बहात्तर. सातव्या जागेसमोर वेळ आहे, एक पंचवीस, आणि नुसता सात. पुढचा आकडा नाही. सगळ्या जागांचे आकडे वेगवेगळे होते. मधे जास्त, कडेला कमी.

आई परत आली तेव्हा वही माझ्या पिशवीत होती. हंडा उतरवून ती उंबऱ्यावर बसली. पहिल्यांदाच काही बोलल्यासारखी बोलली.

“एवढ्या उन्हाचा तो तिकडं कशाला गेलेला गे?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

सुकीमावशीने माझ्याकडे पाहिलं आणि मग ती नागलीच्या भावाबद्दल काहीतरी बोलू लागली.

मी पुण्याला परतले ते कामाला लागण्यासाठीच. लोक म्हणाले, कामात मन रमव. माझं मन रमलंच होतं. विद्यालयाच्या ट्रस्टला मोखाड्याजवळच्या एका माळावर दुसरं मैदान करायचं होतं, दुप्पट मोठं, आणि ते नितीन सरांचं स्वप्न होतं. त्यांच्या खोलीत त्याचं रंगीत चित्र लावलेलं होतं, कडेला झाडं, दिव्यांचे खांब, आकाशात ढग. त्याला पैसे देणारी कंपनी एका गोष्टीवर अडली होती. पहिलं मैदान पर्यावरणाच्या दृष्टीने नीट सांभाळलं जातंय, असा आमच्या संस्थेचा अहवाल त्यांना हवा होता. तो अहवाल मी लिहिणार होते.

सूड म्हटलं की लोकांना आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो. मला तसं काही नको होतं. नितीन सरांना मारावं, त्यांच्या तोंडाला काळं फासावं, असं एकदाही मनात आलं नाही. मला एवढंच हवं होतं की त्यांनी त्या मोखाड्याच्या माळावर उभं राहावं आणि आयुष्यभर तिथे फक्त कुसळं बघावीत. आणि ते कुणी केलं, हे त्यांना कळावं.

एकही खोटा आकडा घालायची गरज नव्हती. नाल्याच्या पहिल्या वळणावरचा गाळ मी तपासला, त्यात किलोमागे किती दाणे निघाले ते लिहिलं. चाळण बाने बसवण्याआधीच्या दोन पावसाळ्यांत किती गेले असतील, त्याचा हिशोब मांडला. बोअरमधून मैदानावर मारलेलं पाणी आणि त्याच महिन्यात आजूबाजूच्या पाड्यांवर आलेले टँकर, असा आलेख काढला. पाण्याने मैदान फक्त बावीस मिनिटं थंड राहतं, मग पुन्हा तापतं, हे दाखवलं. कर्मचाऱ्यांसाठी बूट मागणारी माझी दोन पत्रं आणि ‘पुढच्या तिमाहीत विचार करू’ हे नितीन सरांचं उत्तर, परिशिष्टात तारखेसकट. प्रत्येक वाक्य मी पुन्हा पुन्हा घासलं, इतकं की त्यातून माझा राग दिसणार नाही, फक्त कापेल. आणि मला त्यात सुख वाटत होतं हे मी लपवणार नाही. बा गेल्यानंतर पहिल्यांदा मला भूक लागली ती या कामाच्या दिवसांत.

माझ्या मार्गदर्शक हर्षदा मॅडम यांनी मसुदा वाचला. त्या कमी बोलतात. चष्मा काढून म्हणाल्या, “कडक आहे. पण सगळं पुराव्याला धरून आहे. फक्त एक. तापमान कडेच्या एकाच स्थिर यंत्राचं दिलंयस. तुझी ती नऊ जागांची नोंद कुठे आहे? एक वाजताची?”

“हरवली, मॅडम.”

“हरवली?”

“त्या गडबडीत.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि माझे वडील नुकतेच गेलेत हे आठवून मान हलवली. “ठीक आहे. याशिवायही उभं राहील.”

ते उभं राहणारच होतं. ती वही दाखवली असती तर दुसरंच काही उभं राहिलं असतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर माझ्या अक्षरात सूचना होत्या. ‘दुपारी १. नऊही जागा. प्रत्यक्ष जागेवर उभं राहून.’ ‘प्रत्यक्ष’ खाली मी पुढच्या कोऱ्या पानांवरही दोन रेघा ओढल्या होत्या, मंगळवारी सकाळी, शेडमध्ये, तो चाळत असताना.

बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात विद्यालयातच झाली. मैदानाकडे काचा असलेली, वातानुकूलित खोली. ट्रस्टचे प्रमुख रोहिदासजी मुंबईहून आले होते, सत्तरीचे, कान थोडे जड झालेले गृहस्थ. नितीन सर, हर्षदा मॅडम, मी. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई. ट्रस्टला शोक व्यक्त करायचा होता म्हणून तिला बोलावलं होतं. शाल आणि नारळ टेबलावर होते, शेजारी एक टाइप केलेला कागद. आमची काही तक्रार नाही, अशा अर्थाचा. त्यावर अंगठा हवा होता. आईला एकटीला यायला संकोच वाटला, म्हणून सुकीमावशी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन तिच्या मागे उभी राहिली होती.

मी चाळीस मिनिटं बोलले. आवाज एकदाही हलला नाही. पाणी आणि टँकरच्या आलेखापाशी रोहिदासजींनी मला थांबवलं आणि पुन्हा मागे जायला सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“हे खरं आहे, नितीन?”

“सर, पाणी आपल्याच बोअरचं आहे.”

“बोअर कुणाची का असेना. खालचं पाणी एकच ना?”

मी पुढे गेले. नाल्यातला गाळ, मग बूट. बुटांच्या पत्रांपाशी रोहिदासजींनी डोळे मिटले. मी शेवटची स्लाइड दाखवली आणि खाली बसले. ते म्हणाले, “दुसऱ्या मैदानाचं आता थांबवा. कंपनीला मी कळवतो. हे आधी नीट करा, मग दोनचार वर्षांनी बघू.”

इतकं सोपं होतं ते. मी नितीन सरांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि मला जे हवं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कुणी केलं, हे त्यांना कळलं होतं.

नितीन सर उठून उभे राहिले. “सर, निर्णय मान्य आहे. पण या अहवालावरून असा समज होतोय की मामांच्या मृत्यूला आम्ही जबाबदार आहोत. ते मला मान्य नाही. बूट द्यायला उशीर झाला, ती माझी चूक. पण बारा ते चार मैदान बंद असतं. कर्मचाऱ्यांनाही बंद असतं. पाटी मी स्वतः लावलीय. त्या दिवशी त्यांना कुणीही कामाला सांगितलं नव्हतं, हजेरीचं पुस्तक बघा, त्यांची सुट्टी बारा वाजता झालेली आहे. सत्तर अंश तापलेल्या जागेवर, अनवाणी, भर दुपारी, शुद्धीतला माणूस जाईल का? तुम्हीच सांगा. मला मामांची बदनामी करायची नाही. पण दुसरं कारण काय असणार?”

तो निव्वळ कांगावा नव्हता. तो माणूस खरंच तसं समजत होता. बंद फाटकाच्या आत एक माणूस गेला होता, आणि तो का गेला याचं त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

रोहिदासजी माझ्याकडे वळले. “तुमचं काही म्हणणं?”

हर्षदा मॅडमही माझ्याकडे बघत होत्या. मला काहीच म्हणायची गरज नव्हती. मी जिंकले होते. माळ मोकळा राहणार होता. मी नुसती मान हलवली असती, तरी सगळं तसंच राहिलं असतं. फक्त कुठल्यातरी कपाटातल्या एका फाइलमध्ये बा प्यालेला राहिला असता. आणि मी तोंड उघडलं तर नितीन सरांना माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं, आणि ते निम्मे खरे ठरले असते. त्यांचं ते निम्मं खरं ठरणं मला सोसवणार नव्हतं. महिनाभर मी ते होऊ नये म्हणूनच राबत होते. बासाठी राबतेय असं म्हणत होते.

आईला त्या खोलीतलं अर्धंमुर्धंच कळलं असावं. पण ‘शुद्धीतला’ हा शब्द तिला कळला होता. ती खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. इतकी माणसं बसलेली असताना ती घरच्या बोलीत, घरच्यासारख्या आवाजात मला म्हणाली,

“पोरी, तो पिऊन गेलेला का गे? तुला म्हायती असेल तर सांग. पिऊन गेलेला असंल तरी सांग.”

तिला त्याचा राग येणार नव्हता. तिला फक्त कळायला हवं होतं, सव्वा महिना तिला तेवढंच हवं होतं. आणि नितीन सरांनी लिहिलेलं ती खरं मानायला तयार होती, कारण मी तिला दुसरं काही दिलं नव्हतं.

सुकीमावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती काचेतून बाहेर बघत होती.

मी पिशवी उघडली. पुण्याहून निघताना वही मी का घेतली होती, ते मला सांगता येणार नाही. मी ती रोहिदासजींच्या पुढ्यात ठेवली, शेवटचं पान उघडून.

“अपघाताच्या अहवालातले ‘बहुधा मद्यधुंद’ हे दोन शब्द काढा,” मी म्हणाले. “हे त्यांचं अक्षर आहे. एक वाजून चार मिनिटांपासून एक पंचवीसपर्यंत. सहा जागांचे आकडे बरोबर आहेत, मी ते पडताळलेत. प्यालेल्या माणसाला असं लिहिता येत नाही. वर ज्या सूचना आहेत, ते अक्षर माझं आहे.”

“तू म्हणाली होतीस हरवली,” हर्षदा मॅडम हळू म्हणाल्या.

“खोटं बोलले, मॅडम.”

नितीन सरांनी वाकून पान पाहिलं. वरची ओळ वाचली, त्याखालच्या दोन रेघा पाहिल्या. “म्हणजे मॅडम,” त्यांनी सुरुवात केली, “म्हणजे तुम्हीच...”

मी त्यांना पुढे बोलू दिलं असतं. त्यांना बोलायचा हक्क होता. पण ते वाक्य आईने त्यांच्या तोंडून ऐकावं, हे मला नको होतं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि आईपुढे जाऊन खाली बसले, जमिनीवर, तिला वाकावं लागू नये म्हणून.

“आई, तो पिऊन नव्हता गेला. मी धाडलेला. एकालाच जा म्हणाले, नऊही ठिकाणी जा म्हणाले. पाय भाजतात बोलला तो मला. तरी जा म्हणाले.”